तुडुमावरचा पाहुणचार

खैरबोडीत कुणालाही विचारलं की श्यामराव कापगते कुठे भेटतील, तर तो घराकडे नाही, तलावाच्या पाळीकडे बोट दाखवी. दिघोरीपासून आत, जंगलाच्या अंगाला हे गाव. गाव एवढंसं, तलाव मात्र ऐसपैस. श्यामराव त्या तलावाचे पानकर, म्हणजे तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, धानाच्या बांध घातलेल्या वावरात, कधी आणि किती जायचं ते पाहणारा माणूस. त्यांचे वडील पानकर होते, आजोबाही. पाळीच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी असते तिला इकडे तुडूम म्हणतात. तुडुमाच्या झडपेचा लोखंडी दांडा पानकराशिवाय कुणी धरायचा नाही, आणि पानकरानेही गावाची बैठक बसल्याशिवाय धरायचा नाही, एवढाच तिथला कायदा. तो कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्यातून पळवाट काढायचीही सोय नव्हती.

श्यामराव स्वभावाने मऊ. बायकोशी भांडतानासुद्धा आवाज चढायचा नाही. पण दांड्याजवळ उभे राहिले की माणूस निराळाच. एका कोरड्या साली त्यांचा सख्खा साळा पाया पडला, माझ्या बांधीला आधी पाणी सोडा म्हणून. श्यामरावांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि पाणी न देता परत पाठवलं. पुढे कितीतरी वर्षं तो त्यांच्या दारात आला नाही. श्यामरावांना त्याचं वाईट वाटे, कधी कधी डोळ्यांत पाणी येई, पण आपण चुकलो असं काही वाटलं नाही.

त्यांना मूल एकच, प्रतिक्षा. भूगोल घेऊन ती एम.ए. झाली आणि तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. म्हणजे दर वर्षी जूनमध्ये नोकरी नव्याने मागायची आणि उन्हाळा लागला की ती आपोआप संपायची. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. जिल्ह्याबरोबर तलावही वाटले गेले, पण त्यांच्याकडे कुणी धड पाहिलं नाही, असं कॉलेजातल्या मोठ्या सरांच्या मनात आलं. हे सर प्रतिक्षाचे विभागप्रमुख. त्यांनी जुने तलाव आणि पाणीवाटप या विषयावर परिषद घ्यायचं ठरवलं. पुण्याची, हैदराबादची माणसं येणार होती. प्रतिक्षाला सरांनी सहलीच्या समितीत घातलं आणि जाता जाता म्हणाले, "हे नीट पार पाडा मॅडम, मग तुमच्या कायम जागेचं बघू."

बैठका सुरू झाल्या. पहिली बॅनरच्या रंगावर संपली. दुसरी पाहुण्यांना चहाबरोबर बिस्किटं द्यायची की आलुबोंडे, यावर. सहल कुठे न्यायची हा मुद्दा नेहमी शेवटी यायचा आणि तोवर कुणाची तरी एसटी निघायची वेळ व्हायची. कुणी किल्ला म्हणे, कुणी देवस्थान. शेवटी प्रतिक्षाच उठून म्हणाली, "परिषद तलावांची आहे, तर तलावावरच नेऊ. माझ्या गावी." सगळ्यांची सुटका झाली आणि लगेच चहा आला.

मग समिती पाहणीला खैरबोडीत आली. प्रतिक्षाच्या आईने, धुरपताबाईंनी, अंगण सारवलं, खाटा टाकल्या, हातपाय धुवायला पाण्याची बादली ठेवली, पोहे केले. मोठ्या सरांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले आणि विचारलं, "पाहुण्यांना तुडूम उघडून दाखवता येईल ना? नुसती पाळ बघून त्यांना काय कळणार?"

"हो सर, बाबाच तर उघडतात," प्रतिक्षा म्हणाली. माठातलं पाणी देते म्हणावं तितक्या सहज.

श्यामरावांच्या हातातली बशी तशीच राहिली. तुडूम आपलं नाही, गावाचं आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण अंगणात पाहुणे बसलेले, आणि त्यांच्यासमोर पोरीचा शब्द खाली पाडायचा, हे त्यांच्याच्याने होईना. त्या गावात पाहुण्याला अंगणात नाही म्हणत नसत. नाही म्हणायचंच असेल तर ते वेशीपर्यंत पोचवायला जाताना, तेही आडून आडून. श्यामराव वेशीपर्यंत गेले, पण वाटभर सरच बोलत राहिले. श्यामरावांचं गप्प राहणं त्यांनी होकार धरलं, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष.

जानेवारीत तुडूम कधी उघडत नसत. खरिपाचं धान निघालेलं असे आणि उन्हाळी धानाला अवकाश असे. तुडुमाच्या तोंडाशी श्यामरावांचीच बांधी, तिच्यात हरभरा घाट्यांवर आलेला. पाणी पुढे नेणारा पाट पावसाळ्यानंतर माती-गवताने बुजून जाई आणि उन्हाळ्याआधी सगळं गाव मिळून तो मोकळा करी. म्हणजे आत्ता झडप उचलली तर पाणी सरळ हरभऱ्यात शिरणार. साचल्या पाण्यात हरभरा उबळतो, मुळातून जातो. हे प्रतिक्षाच्याही ध्यानात यायला हवं होतं. पण ती गावी येई रविवारची, आणि रविवारीही तिच्या डोक्यात बैठकाच असत.

"बाबा, पाट बुजला असंल ना?" एवढं तिने निघताना विचारलं होतं.

"मोकळा करून ठेवतो बाई. तू काळजी नोको करू."

त्यांनी फावडं घेऊन सुरुवात केलीही, पण गुडघ्याने साथ दिली नाही, आणि गाव मळणीत गुंतलेलं. मग श्यामराव बैठकीत उभे राहिले आणि एक दिवस तुडूम उघडू द्या म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी गावाकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. बोलताना त्यांची मान वर होत नव्हती.

"आज कॉलेजवाल्यायसाठी उघडशीन, उद्या कोन्या साहेबाच्या पाव्हन्यासाठी उघडा म्हनतीन," कृष्णराव म्हणाले. ते गावाच्या पाणी समितीचे अध्यक्ष, श्यामरावांहून वडील. "तवा काय सांगशीन?"

"जेवढं पानी जाईन थे माह्या वाट्यात मोजा," श्यामराव म्हणाले. "उन्हाळ्यात माह्या बांधीले पानी देऊच नोका."

उन्हाळी धान सोडायचं म्हणजे वर्षाचं अर्धं खाणं सोडायचं. कुणालाच ते गोड लागलं नाही, पण नियमात बसत होतं, म्हणून ठरलं.

घरी धुरपताबाई कडाडल्या. "पोरीले सांगत काहून नाही तुमी?"

"सांगतलं तर थे नाही म्हनन. अन् थे नाही म्हनली का जागा गेली समज."

"अन् हरभरा?"

"थोडंसंच उघडतो. पाव्हन्यायनं पाह्यलं का बंद. वरचा कोपरा जाईन, बाकी वाचन."

सहलीच्या दिवशी दोन बस यायच्या होत्या. एकच आली. दुसरी दिघोरीला चहासाठी थांबली होती आणि मोठे सर तिच्यातच होते. पहिल्या बसमधली माणसं पाळीवर उभी राहिली, श्यामरावांनी नारळ फोडला, दांडा फिरवला. पाणी घुसळत बाहेर पडलं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिक्षा हातात माईक घेऊन पानकर म्हणजे काय ते सांगू लागली. तिचा आवाज भरून आला होता, बापाचा अभिमान तिला लपवता येत नव्हता.

श्यामरावांनी झडप खाली घ्यायला दांडा धरला, तेवढ्यात कॉलेजच्या समितीतले एक गृहस्थ धावत आले. "काका, राहू द्या, राहू द्या. सर यायचे आहेत अजून."

श्यामरावांनी हात काढून घेतला.

पाणी वरच्या कोपऱ्यात थांबलं नाही. ते सरीसरीतून खाली उतरलं, घाट्यांनी लगडलेली झाडं एकेक करून त्यात उभी राहत गेली. "पिकालाही पाणी मिळालं, छान झालं," एक बाई फोटो काढता काढता म्हणाल्या. त्या शहरातल्या, भल्या बाई होत्या. श्यामरावांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. दुसरीकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

प्रतिक्षाचं बोलणं मधेच थांबलं. तिने बांधी पाहिली, मग बांधीपलीकडचा पाट पाहिला. त्यात गवत जसंच्या तसं उभं होतं. माईक हातात तसाच घेऊन ती खाली उतरली.

"बाबा, पाट मोकळा केला म्हणले होते ना तुमी?"

"राह्यला."

"बंद करा."

"तुह्ये सर येऊन जाऊ दे. शब्द देल्ला आहे तू."

प्रतिक्षाच्या डोळ्यांसमोर त्या दिवशी बाबांच्या हातात तशीच राहिलेली पोह्यांची बशी आली असावी. ती वळली आणि पाळीकडे तोंड करून माईकवर म्हणाली, "मी हे पाणी दाखवायचा शब्द दिला होता, तो मागे घेते. ते माझं नव्हतंच. तुमच्यासमोर आमचा हरभरा मरतो आहे. बाबा तुडूम बंद करत आहेत."

टाळ्या वाजवलेले हात आता कुठे ठेवावेत ते कुणाला कळेना. श्यामरावांनी दांडा फिरवला. त्यांना लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. झडप बसली तेव्हा दुसरी बस धूळ उडवत पाळीखाली येऊन थांबली. सर उतरले, बंद तुडुमाकडे आणि मग प्रतिक्षाकडे पाहिलं. पुन्हा एकदा उघडता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. "नाही सर," ती म्हणाली.

हरभरा गेला तो गेलाच, काठाचं मूठभर हाती लागलं. परिषद उत्तम झाल्याचं पेपरात छापून आलं. कायम जागेचं सर पुन्हा बोलले नाहीत आणि प्रतिक्षानेही विचारलं नाही. तासिका संपल्यावर ती पेटी घेऊन घरी आली. आई रडली. श्यामराव तिच्यासमोर बसले, उन्हाळी पाण्याचं बैठकीत काय ठरलं होतं ते सांगितलं आणि म्हणाले, "माह्यामुळं झालं, बाई." तिने त्यांचा हात धरून ठेवला.

उन्हाळी पाण्याचा दिवस उजाडला. गावाने पाट मोकळा केला, नारळ फुटला, तुडूम उघडलं. पाणी श्यामरावांच्या बांधीला घासून पुढे निघालं. बांधीला भेगा पडलेल्या. श्यामराव पाटाच्या काठाने चालत होते आणि नको नको म्हणताना त्यांची नजर आपल्या मातीकडे जात होती. बांधीच्या तोंडाशी आल्यावर त्यांचे पाय थांबले.

कृष्णरावांनी ते पाहिलं. ते जवळ आले, आवाज खाली केला. "श्याम, घे थोडंसं. हरभराबी गेला, पोरीची नोकरीबी गेली. गाव काही म्हनत नाही."

श्यामरावांनी बैठकीतल्या माणसांकडे पाहिलं. कुणी मान डोलावली, कुणी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतं. त्यांनी फावडं बांधीच्या तोंडावर टेकवलं. एक ढेकूळ बाजूला केलं असतं तर पाणी आपल्या पायाने आत आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते करावंसं वाटलं आणि तोंडातून नाही हा शब्द निघेना.

"नाही काकाजी," मागून प्रतिक्षा म्हणाली. "आमच्या वाट्याचं आम्ही जानेवारीतच घेतलं."

ती खाली वाकली, दोन्ही हातांनी ओली माती उचलून तिने आपल्याच बांधीचं तोंड लिंपून टाकलं, आणि पाणी कृष्णरावांच्या बांधीकडे गेलं. श्यामराव तिच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघत राहिले. मग दांड्याशी जाऊन त्यांनी तिला हाक मारली. "ये बाई. किती फिरवाचा, थे पाहून घे."