कोऱ्या जमिनीचा फोटो

आमच्या सात म्हशींचं शेणपाणी कुठं जातं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. बांधाखाली शेजारच्या मावशीची विहीर आहे, तिकडं. पूर्वी शेण खाचरात जायचं. हिंजवडीच्या टॉवरांना दूध लागायला लागलं तशा म्हशी वाढल्या, आणि त्याच टॉवरांपायी आजूबाजूची खाचरं विकली गेली. शेण न्यायचं कुठं?

गोबरगॅस आणि पक्क्या खड्ड्याला अनुदान आहे असं कळल्यावर मी अर्ज भरला आणि लगेच माणसं लावून खड्डा खणून घेतला. पावसाच्या आत काम उरकावं, एवढीच अक्कल चालवली. तीच नडली.

पाहणीला आलेले साहेब खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. "ताई, पूर्वसंमतीच्या आधी काम सुरू केलंत. आता अर्ज बाद होईल. कामाआधीचा फोटो लागतो, कोऱ्या जमिनीचा."

"मग करू काय?"

"बुजवा," ते हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

मी कपाळ बडवून घेतलं. पण पदरच्या पैशानं बांधकाम झेपणारं नव्हतं. फावडं घेतलं आणि माती लोटायला लागले. थोड्या वेळानं मावशी घमेलं घेऊन वर आली.

"मावशे, तू कशाला? आमचा खड्डा हाय."

"इहीर माजी हाय न्हवं?" म्हणाली आणि भरायलाच लागली. संध्याकाळपर्यंत दोघींनी खड्डा सपाट केला. सपाट जमिनीवर मला उभं करून फोटो काढला, अर्जाला जोडला.

सरकारी काम आणि सहा महिने थांब! मोबाइलवर रोज तेच: छाननी सुरू आहे. फोन केला की म्हणायचे, संमती येईपर्यंत कुदळ लावू नका. तोवर पावसानं जोर धरला. मी गोठ्याखाली मातीची पोती रचली, ती दोन दिवसांत फुटली. शेणपाणी आपल्या वाटेनं गेलं. मी पडवीतून बघत होते, दुसरं काय करणार?

चौथ्या दिवशी मावशी कळशी घेऊन आली. आत चहासारखं पाणी. आता शिव्या घालणार, म्हणून मी मान खालीच घातली. घालायलाच हव्या होत्या.

"फारमाचं काय झालं गं?"

"छाननीत हाय."

"व्हईल, व्हईल. नको जीव जाळूस." कळशी तिनं अंगणात ओतली आणि आमच्या नळाखाली धरली.

तेव्हापासून रोज सकाळी येते. स्वतःची विहीर असलेली बाई माझ्या दारात पाण्याला उभी राहते. भरलेली कळशी कमरेवर घेताना रोज एकच बोलते, "लई तरास देतीया बाई मी तुला."