फुलचूरची अवैध गल्ली

चहा आधी संपवा बरं. हे ऐकताना तो नाकात गेला तर मी जबाबदार नाही. आणि माझ्यावरचा तुमचा विश्वास उडाला, तर त्यालाही नाही! गोंदियात माझा कॉम्प्युटर क्लास आहे, लोक मला मानानं 'बन्सोड सर' म्हणतात, आणि याच बन्सोड सरांनी एकदा शेजारच्या फुलचूरची अख्खी गल्ली एका वाक्यात बेघर केली होती.

हसू नका. बेघर म्हणजे बेघर!

दोन हजार आठ-नऊचा काळ असेल. आमच्या समाजाच्या मंडळाचे सचिव गजभिये सर क्लासवर आले. खुर्ची ओढून म्हणाले, "बन्सोड, यंदा वधू-वर मेळाव्याची नोंदणी इंटरनेटवर करू. नागपूरवाले करून राहिले, आपण काऊन नाही?"

नागपूरवाले करतात म्हटल्यावर गोंदियावाला गप्प बसतो का? आठ दिवसांत मी वेबसाइट उभी केली. नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा आणि ईमेल. आता ईमेल चुकीचा आला तर मुलीकडच्यांना कळवणार कसं? म्हणून मी एक कडक तपासणी घातली. आधी काही अक्षरं, मग ते ॲटचं वेटोळं, मग काही अक्षरं, मग एक टिंब, आणि शेवटी दोन-तीन अक्षरं. या साच्यात बसलं तर आत, नाही तर बाहेर!

स्वतःचा डॉट-कॉमवाला ईमेल टाकून पाहिला. फटकन आत गेला. झाली तपासणी! जगात माझ्याशिवाय आणखी कोणाचे ईमेल असतात, हा विचार मला शिवलाच नाही.

आता चुकणाऱ्याला निरोप काय द्यायचा? बाकीचे लोक इंग्रजीत 'इनव्हॅलिड ॲड्रेस' टाकून मोकळे होतात. पण मी पडलो मराठीचा अभिमानी! शब्दकोश काढला, घाम गाळला आणि लाल अक्षरांत लिहिलं: 'आपला पत्ता अवैध आहे. वैध पत्ता न दिल्यास नोंदणी रद्द होईल.'

इतकं भारी वाटलं की बायकोला बोलावून दाखवलं. वैशालीनं वाचलं आणि म्हणाली, "तहसीलची नोटीस वाटून राहिली."

"भाषेला वजन पाहिजे," मी म्हटलं.

वजन होतंच हो. पडलं ते फुलचूरच्या मेश्राम काकांच्या डोक्यावर.

मेश्राम काका म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले, सरळ, पण कागदाला भिणारे गृहस्थ. त्यांची मुलगी सुजाता शाळेत शिक्षिका. तिचा बायोडाटा घेऊन काका गल्लीच्या तोंडावरच्या सायबर कॅफेत गेले. कॅफेवाल्यानं फॉर्म भरला, बटण दाबलं, आणि पडद्यावर माझं लाल साहित्य उमटलं. त्यानं त्याची प्रिंट काढून काकांच्या हातात दिली. "काका, नाही घेऊन राहिला. हे पाहा काय म्हणते तर."

काकांनी वाचलं. पत्ता अवैध. नोंदणी रद्द.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं फंडाचा सगळा पैसा ओतून प्लॉट घेतला, घर बांधलं, त्याला 'पत्ता' म्हणजे काय वाटेल? ईमेल? आणि 'नोंदणी' म्हणजे? रजिस्ट्री हो, रजिस्ट्री!

काका प्रिंट घेऊन तडक घरी आले. शेजाऱ्यांनी कागद पाहिला. एकाच लेआउटमधली सगळी घरं! यांचं अवैध, तर आपलं काय? दोघं-तिघं धावत कॅफेत गेले, आपापल्या मुलांचे फॉर्म भरून पाहिले. सगळे अवैध! कारण गल्लीतल्या प्रत्येकाचा ईमेल त्या एकाच कॅफेवाल्यानं, एकाच ठिकाणी उघडून दिला होता. संध्याकाळपर्यंत बातमी पक्की झाली: गल्ली पडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासचं शटर वर केलं, तर समोर चौदा माणसं उभी. प्रत्येकाच्या बगलेत फाइल.

"जय भीम, सर," मेश्राम काका म्हणाले. आवाज असा, की 'जय भीम'नंतर आता वॉरंटच निघेल. "तुमीच बनवली न ते वेबसाइट? मंग सांगा, आमचं घर अवैध काऊन?"

"घर? घर कोण म्हणालं?"

"हे पाहा!" त्यांनी प्रिंट टेबलावर आपटली. मागून घरटॅक्सच्या पावत्या, लाइटची बिलं, प्लॉटचे नकाशे धडाधड पडू लागले. माझा कीबोर्ड दिसेनासा झाला.

"काका, हा घराचा पत्ता नाही. इंटरनेटवरचा पत्ता आहे."

मग मागून एक आजी म्हणाल्या, "आमचं घर इंटरनेटवर कायले टाकलं रे बाबू?"

मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. शेवटी काका म्हणाले, "सीधी बात. तुमचा पत्ता टाका बरं यात."

टाकला. फटकन आत! 'आपला पत्ता वैध आहे. नोंदणी पूर्ण झाली.'

ही माझी दुसरी चूक. चौदा जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे तुमचं घर वैध, आन आमचं अवैध!" काका ओरडले. "वा रे सर!"

तेवढ्यात स्कूटीवरून सुजाता आली. वडील फाइल घेऊन कुठे गेले, हे शोधत पोचली होती. तिनं आपला ईमेल पाहिला, माझा पाहिला, आणि दहावीच्या पोराला विचारावं तसं मला विचारलं, "सर, आमच्या ईमेलच्या शेवटी डॉट-को-डॉट-इन आहे. टिंबं दोन झाली. तुमच्या प्रोग्रामले किती चालतात?"

"एक," मी म्हटलं.

त्या एका शब्दानंतर मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण ती जागाही माझ्या नावावर नव्हती, क्लास भाड्याचा होता.

बसलो दुरुस्त करायला. चौदा जण मानेवर श्वास सोडताहेत, काका पाच-पाच मिनिटांनी "झालं का?" विचारताहेत. दोन टिंबं चालवायला गेलो, तर माझाच ईमेल बाहेर पडला. तो आत आणला, तर बाकीचे बाहेर. शेवटी वैतागलो आणि ती तपासणीच उपटून फेकून दिली. काय टाकायचं ते टाका!

काकांनी स्वतः खुर्ची घेतली. ईमेलच्या रकान्यात एका बोटानं लिहिलं: 'विहाराच्या मागे, निळं गेट, फुलचूर.' बटण दाबलं.

'आपला पत्ता वैध आहे. नोंदणी पूर्ण झाली.'

काकांच्या डोळ्यांत पाणी! "याची प्रिंट काढा, सर. शिक्का हाय का तुमच्यापाशी?"

शिक्का होता. क्लासचा. मारला! काय करता? चौदा माणसं होती हो!

मग काय, अख्खी गल्ली रांगेत. सुजाता एकेकाला थांबवून ईमेल म्हणजे काय ते सांगत होती, पण शिक्क्याचा कागद मिळत असताना कोण ऐकतो? त्या आजींनीही फॉर्म भरला. वय चौऱ्याहत्तर, वधू. अपेक्षा: नळाला रोज पाणी. बाकीच्यांच्याही अपेक्षा नालीवर झाकण, खांबावर बल्ब अशाच. दुपारी सगळे हसत घरी गेले, जाताना मला समोसे देऊन गेले. सुजाताचा फॉर्म मात्र तिनं स्वतः नीट भरला, आणि त्याच मेळाव्यात तिचं जमलंही. भंडाऱ्याचा मुलगा, शिक्षकच.

ते जाऊ द्या. मेळाव्याच्या आधी एका सकाळी गजभिये सरांचा फोन आला.

"बन्सोड, एका मुलीसाठी बालाघाटहून स्थळ आलं. मुलगा चांगला आहे. पण मुलीचा पत्ता तुमच्याच घरचा दिसून राहिला. नाव वैशाली. बहीण आहे काय तुमची?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको तांदूळ निवडत होती.

"वैशाली, तू फॉर्म भरला होता?"

"हो न. सगळे शिक्क्याचा कागद काढून राहिले होते, म्हटलं आपल्याही घराचा एक काढून ठेवते. काऊन?"

मी फोनवर हात दाबून धरला आणि सांगितलं, "अगं, तुझ्यासाठी बालाघाटचं स्थळ आलं!"

तिनं सूप खाली ठेवलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आधी विचारा, कॉम्प्युटरवाला तर नाही न?"