तीन केळ्यांचा खुराक

स्वराज्य स्वतःच्या पायांनी दारात येऊन उभं राहिलं असतं, तरी त्याला "जरा दम खा, घाम जिरू दे" असं सांगणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या गावी ते तालमीचे वस्ताद होते. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले, ते दोन गोष्टी घेऊन: पेन्शन आणि खजुराचं वेड. ज्या सरकारला हाकलायला आम्ही रानोमाळ फिरत होतो, त्याच सरकारची पेन्शन हा गृहस्थ अंगठा उठवून घ्यायचा आणि तिच्यावर म्हैस पोसायचा. मी तोंडावर म्हणालो, "मामा, ही गुलामी आहे." तर म्हणतात, "व्हय गड्या. पर म्हशीला सांगू नगंस, दूध आटवंल."

त्या म्हशीचं दूध जोर-बैठकांनंतरच्या खुराकाला लागे. खुराक हा मामांचा धर्म. बदाम महाग, म्हणून भिजवलेले शेंगदाणे आणि मोड आलेले हरभरे. त्यात बसऱ्याच्या आठवणीचा खजूर, गुळाचा खडा आणि तीन केळी. हे सगळं दगडी कुंडीत घालून, कुंडी दोन्ही पायांत घट्ट धरून, मामा कडुलिंबाच्या सोट्यानं घोटत बसायचे. गावच्या वैद्यांनी एकदा निरोप धाडला, की दुधात केळं म्हणजे पोटात विष. मामांनी उलटा निरोप धाडला, "वैद्यबुवांनी आमच्या सगळ्यात बारक्या पोराशी एक झोंबी घ्यावी, मग विषाचं बघू." खुराक तयार असला तरी घाम जिरल्याशिवाय कुणाला थेंब मिळत नसे. मामा कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती चिमटीत घेऊन प्रत्येकाच्या मानेवर टाकत. माती चिकटली, की बस खाली. झडली, की घे तांब्या. सुगीच्या दिवसांत पोरांच्या आया दाराशी येऊन ओरडायच्या, पण मानेवरची माती झडेपर्यंत वस्ताद कुणाच्या आईचं ऐकत नसत.

मला या प्रकाराची भयंकर चीड होती. मी साताऱ्याचा, मॅट्रिकच्या वर्गातून उठून चळवळीत पडलेला, चक्रमुद्रण यंत्राची शाई नखांत भरलेला. देश अर्धपोटी, आणि वीस धट्टीकट्टी पोरं केळी कधी घोटून होतात म्हणून ताटकळत बसतात! मी एक जळजळीत पत्रक लिहिलं: 'तालमीतील चैन'. नाव घातलं नाही, पण कुंडी, सोटा, खजूर, 'दोन-दोन केळी', काही सोडलं नाही.

त्याच पत्रकांचा गठ्ठा पोटाशी बांधून एका पहाटे मी गावात शिरत होतो. नदीच्या उताराशी पोलीस दिसले. उसातून पळत सुटलो तो थेट तालमीत.  मामांनी माझा सदरा काढला, त्यात गठ्ठा गुंडाळला, तो बुडाखाली घेऊन बसले, कुंडी पायांत धरली आणि मला हौद्यात ढकललं. मातीत लोळून उठतो तोच फौजदार आणि दोन शिपाई दारात.

"हा कोण?"

"मेव्हण्याचा पोरगा. सातारचा पैलवान."

"पैलवान? याच्या बरगड्या मोजता येतात!"

"म्हनून तर खुराकाला आणलाय, सायेब."

"आणि एवढा घाम?"

"आवं, पाच बैठका मारल्या त्यानं!"

वीस पोरं हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला. शिपायांनी कोनाडे धुंडाळले, मुदगल हलवून पाहिले. फौजदार मामांना म्हणाला, "उठा वस्ताद, तुमच्याखाली काय आहे?"

मामांचा सोटा थांबला नाही. "उठतो की. पर मधीच हात काढला तर दूध फाटतं. मग ह्या पोरांना तुमी पाजणार व्हय?" मग डोळे बारीक करून, "सायेब, लय पळाला वाटतं," म्हणत त्यांनी दुसऱ्या हातानं मातीची चिमूट खाली वाकलेल्या फौजदाराच्या मानेवर टाकली. माती चिकटली. "बसा. घाम जिरला न्हाई."

आणि फौजदार बसला! पिढीजात शेतकऱ्याचाच तो पोरगा, लहानपणी कुठल्यातरी वस्तादाच्या हाताखाली बसला असणार. माती झडल्यावर मामांनी पहिला तांब्या त्यालाच दिला. मिशा पुसत तो उठला, मामांच्या बुडाकडे एकदा बघितलं, आणि शिपायांना म्हणाला, "चला." ज्याचं दूध प्यालं, त्याला ऊठ कसं म्हणायचं?

ते गेल्यावर मामा गठ्ठ्यावरून उठले. "काय हाय ह्यात? वाच."

त्यापेक्षा जेल परवडलं असतं. मी वाचलं, सगळं, शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत. पोरं माझ्याकडे अशी बघत होती, की हौद्यात पुन्हा जायची वेळ येणार. मामांनी सोटा पुसून ठेवला.

"केळी किती लिवलीस?"

"दोन."

"तीन असत्यात. छापायचं तर खरं छाप, गड्या. उद्या कुणी दोन घालून करंल आन म्हनंल, वस्ताद पातळ पाजतो."

पुढच्या पत्रकाच्या तळाशी मी दुरुस्ती छापली. आमच्या साऱ्या भूमिगत साहित्यात तेवढी एकच.

स्वराज्य आलं. तालमीत आता रेशनच्या धान्याची पोती आहेत, आणि त्याविरुद्ध मी तीन अर्ज केले आहेत. गेल्या महिन्यात सायकलनं मामांकडे गेलो. मोतीबिंदूनं दिसेनासं झाल्यामुळे ते ओट्यावर बसूनच असतात. म्हैसही राहिली नाही. मला जवळ बोलावून त्यांनी तुळशीतली माती माझ्या मानेवर टाकली आणि बोटानं चाचपली. "अजून हाय. बस."

बसलो. दाराच्या आत आत्या घोटत होती. उसन्या दुधाचं भांडं शेजारी, आणि पुढ्यात केळी दोनच. तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

आत्यानं आणलेला तांब्या मामांनी माझ्या हातात दिला. मी प्यालो. ते कान देऊन ऐकत होते.

"तीन हायती न्हवं?"

"तीनच, मामा," मी म्हणालो. "चांगलं दाट झालंय."