तुमच्या देशात उपलब्ध नाही

आमची बदली जयपूरला झाली तेव्हा माझा उजवा कान गेलेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. हे विमा कंपनीत अधिकारी. निवृत्तीआधीची शेवटची बदली, म्हणून फारसं मनावर न घेता आम्ही वैशाली नगरात दुसऱ्या मजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. सामान लागलं, गॅस आला, दूधवाला ठरला. माझं बोलायचं माणूस मात्र कुठंच लागेना.

कानात यंत्र होतं. समोर एकच माणूस असेल आणि ते मराठी बोलत असेल, तर त्या यंत्राच्या मदतीने आणि ओठ बघून माझं भागायचं. मराठी बोलणारे ओठ मी लहानपणापासून बघत आलेय. ‘भाकरी’ म्हणताना ओठ कसे मिटतात आणि उघडतात हे मला कुणी शिकवायला नको. हिंदीचं तसं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बाई फार चांगल्या होत्या, कढी-कचोरी केली की वाटी घेऊन वर यायच्या, दारात उभ्या राहून पुष्कळ बोलायच्या. मी हसून मान हलवायची. काही दिवसांनी त्या वाटी देऊन लगेच जिना उतरायला लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

घरातही बोलणं आटत चाललं होतं. हे काहीतरी सांगायचे, मी ‘काय?’ म्हणायची. ते पुन्हा सांगायचे, मी पुन्हा विचारायची. तिसऱ्या खेपेला ते म्हणायचे, “काही नाही, जाऊ दे.” त्यात राग नसायचा. दिवसभर ऑफिसात डोकं शिणवून आलेलं माणूस. पण त्या ‘जाऊ दे’त काय काय वाहून गेलं, ते मला कधीच कळलं नाही.

खरं बोलणं व्हायचं ते माझ्या धाकट्या बहिणीशी. ती गडहिंग्लजजवळच्या खेड्यात राहते, तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून सकाळी कामाला जातात ते संध्याकाळी येतात. साखरेच्या आजाराने तिची नजर खाल्ली. एका डोळ्याने काहीच दिसत नाही, दुसऱ्याने उजेड आणि माणसांच्या आकृत्या तेवढ्या दिसायच्या. त्यामुळे तिला मेसेज लिहिता येत नाही आणि वाचताही येत नाही. तिला बोलता येतं आणि मला वाचता येतं, अशी आमची गत. दुपारी जेवणं झाली की ती फोन करायची. तिच्या फोनला बटणं होती, चाचपून लावता यायचा.

जयपूरला आल्यावर ते फोनवरचं बोलणंही माझ्या कानातून निसटायला लागलं. यंत्राला फोन लावला की शिट्टी वाजायची, यंत्र काढलं की लांबच्या विहिरीतून कुणी बोलतंय असं वाटायचं. मी अंदाजाने उत्तरं द्यायला लागले. तिची म्हैस गाभण होती, आज-उद्या व्यायची होती. एका दुपारी ती काहीतरी म्हणाली, त्यात ‘म्हैस’ एवढंच मला लागलं. पुढचा शब्द ‘व्याली’ असणार असं धरून मी मोठ्याने म्हणाले, “वा! मग खरवस पाठवून दे की जयपूरला!”

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. संध्याकाळी भाच्याचा मेसेज आला, ‘मावशी, म्हैस गेली. वासरू पण. आई जेवली नाही.’

ती व्याली म्हणाली नव्हती, गेली म्हणाली होती.

त्यानंतर तिने चार-पाच दिवस फोन केला नाही. मग केला, पण ती जपून, थोडकंच बोलायला लागली. मला ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलायची आणि मोठ्याने बोलायचं म्हटलं की माणूस बातमी सांगतं, मनातलं सांगत नाही. व्हिडिओ कॉलही करून बघितला, भाच्याच्या फोनवरून. तिला फोन कुठं धरलाय ते दिसत नाही, त्यामुळे मला कधी छताचा पंखा दिसायचा, कधी अर्धं कपाळ. भाच्याने धरला तरी तिकडच्या नेटवर्कमुळे चेहरा गोठायचा आणि ओठ एक सांगायचे, आवाज दुसरंच.

आमचा मुलगा कॅनडात असतो. त्याला हे सगळं लिहून कळवलं तेव्हा त्याने एका फोनबद्दल सांगितलं. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या वडिलांकडे तो होता. समोरचा माणूस फोनवर बोलायला लागला की त्याचं बोलणं आपल्या पडद्यावर अक्षरांत उमटतं, जणू सिनेमाखालच्या ओळी. ते वाचून आपण तोंडाने उत्तर द्यायचं.

ते वाचल्यावर मला जो हुरूप आला, तो मुलगा झाला तेव्हाची आठवण व्हावी इतका. मी त्या कंपनीची वेबसाइट उघडली. फोनचं चित्र होतं, एक पांढऱ्या केसांची बाई तो हातात धरून हसत होती. खाली देश निवडायचा होता. अमेरिका होती, कॅनडा होता, जपान होता, युरोपातले कितीतरी लहान देश होते, ज्यांची गावं मिळून आमचा जिल्हा होणार नाही. भारत नव्हता. मी पिनकोड घालून बघितला. उत्तर आलं, ‘हे उत्पादन तुमच्या देशात उपलब्ध नाही.’

आम्ही रविवारी राजा पार्कातल्या मोठ्या मोबाइलच्या दुकानात गेलो. मी चित्र दाखवलं. दुकानदाराने यांच्याशी बरंच बोलून शेवटी माझ्याकडे वळून एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “आंटीजी, ये मॉडल इंडिया में आता ही नहीं.” त्याच कंपनीचा दुसरा फोन त्याने दाखवला. दिसायला तसाच. पण त्यात ती सोय नव्हती. आमच्या वैशाली नगरातल्या दुकानात तेच, सोडाल्याच्या दुकानात तेच. एकाने ॲप घालून दिलं, एका फोनचा स्पीकर चालू करायचा आणि दुसरा फोन शेजारी ठेवायचा, तो ऐकून लिहितो म्हणे. घरी येऊन केलं. त्याने पंख्याचा आवाज ऐकला, कुकरची शिट्टी ऐकली, बहिणीचं काही ऐकलं नाही.

मला संताप आला. आयुष्यात पुष्कळ गोष्टी मिळाल्या नाहीत, त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण ही वस्तू होती, बनलेली होती, डब्यात भरून दुकानात ठेवलेली होती, आणि कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं होतं की ती या बहिऱ्या बाईला द्यायची आणि त्या बहिऱ्या बाईला नाही.

कंपनीच्या वेबसाइटवर मदतीसाठी लिहायची खिडकी होती. मी तिथं लिहिलं. पलीकडून उत्तर आलं, कुणी माणूसच होतं असं वाटलं, कारण त्याचं स्पेलिंग चुकायचं. मी विचारलं, भारतात का विकत नाही? तो म्हणाला, माफ करा, मला ती माहिती नाही. मी विचारलं, कधी विकणार? माफ करा. मग मी त्याला बहिणीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. त्याने लिहिलं, ऐकून फार वाईट वाटलं. मी त्याच्याकडे हवा कशी आहे विचारलं. त्याने लिहिलं, पाऊस आहे. कितीतरी दिवसांनी मी कुणाशी एकही ‘काय?’ न म्हणता बोलत होते. शेवटी त्याने लिहिलं, ‘मी आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?’ मला ती खिडकी बंद करवेना. काहीतरी प्रश्न काढून मी त्याला आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.

हिवाळ्यात मुलगा आला आणि येताना तो फोन घेऊन आला. मी त्याला हात लावण्याआधी हात धुऊन आले. त्याने सगळं मांडून दिलं, कार्ड घातलं, मग खालच्या अंगणात जाऊन मला फोन लावला. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘हेलो मम्मी, कैसी हो? पढ़ पा रही हो?’

“हिंदीत का बोलतोयस?” मी विचारलं.

तो वर आला आणि समोर बसून त्याच्या अडखळत्या मराठीत म्हणाला, “आई, त्यात मराठी नाहीये. हिंदी आहे, इंग्लिश आहे. मला वाटलं, मतलब, हिंदी आहे तर चालेल ना?”

बदल्यांच्या गावांमध्ये वाढलेला मुलगा. त्याला हिंदी चालते, आणि त्याने एवढ्या लांबून वस्तू आणलेली. मी म्हटलं, “चालेल की.”

तो परत गेल्यावर एका दुपारी मी बहिणीला फोन लावला. ती नेहमीसारखी सुरू झाली आणि पडद्यावर पहिली ओळ आली, ‘काई कराली सक्का जब ली स्काई.’ मी ती पुन्हा पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचली आणि कळलं. ‘काय करालीस अक्का, जेवलीस काय?’ मला हसू फुटलं. पुढची ओळ होती, ‘आज दलाल आना लाजवाब चांदला लगा.’ दळण आणलं होतं, जोंधळा चांगला लागला होता. तिसऱ्या ओळीचा मात्र मला काही पत्ता लागला नाही, चौथीचाही नाही, आणि माझं हसू तिथंच संपलं.

“थांब जरा,” मी म्हटलं. “या फोनला मराठी येत नाही गं. हिंदी तेवढी येते.”

माझं बोलणं तिला स्वच्छ ऐकू जातं.  पडद्यावर हळूहळू अक्षरं आली.

‘तो मैं हिंदी में बोलती.’

माझी बहीण हिंदी कुठं शिकलीय? शाळेत थोडी, टीव्हीवर थोडी, गावात येणाऱ्या बोहारणीकडून थोडी. ‘तुम खाना खाई क्या? इधर ठंडी बहुत गिर्या. मेरा गुडघा दुखता.’ गुडघा फोनला कळला नाही, त्याने ‘गुड का’ लिहिलं, पण बाकी सगळं बरोबर होतं. मी मराठीत उत्तर देत होते, ती हिंदीत विचारत होती. कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, या दोघी कोण कुठल्या!

मी रोज दुपारी ते वाचायला लागले. तिला काय झालं, कोण आलं, कोण गेलं, सगळं कळायला लागलं. चूक होत नव्हती. पण हिंदीत ती मला अक्का म्हणेना, दीदी म्हणायला लागली, कारण अक्काचं फोन काहीही करायचा. हिंदीत तिला शिव्या येत नाहीत. आमच्या चुलत भावाला ती मराठीत जे म्हणते ते हिंदीत ‘वो अच्छा आदमी नहीं है’ एवढंच होतं. ती सभ्य झाली, थोडक्यात बोलू लागली, खालच्या मजल्यावरच्या बाईंसारखी. मी वाचायची तेव्हा मला तिचा आवाज मनात ऐकू यायला हवा होता. तो येईना.

मग एक दिवस तिने सांगितलं, ‘डॉक्टर बोल्या, अब वो आँख भी नहीं देखेगा.’ मी काही बोलायच्या आत पुढच्या ओळी यायला लागल्या आणि त्यात हिंदीही नव्हती आणि मराठीही. ‘मालक सदस्य नकली गा. कुना चतुर बघू.’ एकामागून एक ओळी. ती मराठीत गेली होती. फोन जमेल ते लिहीत होता. मी तिला थांबवलं नाही. हिंदीत सांग असं त्या वेळी कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी त्या निरर्थक ओळी वर सरकताना बघत बसले. नंतर ओळी थांबल्या, पण फोन चालूच होता. ती रडत होती हे मला पडदा रिकामा होता त्यावरून कळलं.

“मी येते,” मी म्हटलं.

यांनी तिकीट काढून दिलं. पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. मी पोचले तेव्हा ती सोप्यात बसली होती. माझी चाहूल लागली तशी तिने मान वर केली, पण भलत्याच दिशेला, मी नव्हते तिकडे. तिकडे बघून ती बोलत होती आणि मला तिचे ओठ दिसत नव्हते. मी जवळ बसले, तिची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे, माझ्याकडे वळवलं. 

“आता बोल,” मी म्हटलं.

“किती वाळलीस गं अक्का,” ती माझा दंड चाचपत म्हणाली. मी तिच्या ओठांवर अक्षर न् अक्षर वाचलं. राहिले तितके दिवस आमचं तसंच चाललं. ती बोलता बोलता तोंड फिरवायची, मी हनुवटी धरून परत वळवायची. चुलत भावाला तिने मनसोक्त शिव्या दिल्या. म्हशीबद्दलही बोलली. म्हणाली, “तू खरवस मागितलास तवा मला आधी लई राग आला. मग रात्री हसू आलं.” हे तिने फोनवर कधी सांगितलं नसतं.

मी परत जयपूरला आले त्याला आता बरेच महिने झाले. निवृत्तीला अवकाश आहे, आणि नंतर आम्ही कुठं राहायचं ते ठरलेलं नाही. तो फोन इथल्या दुकानात अजून मिळत नाही. बहिणीला आता उजेडही दिसत नाही. ती दिवसभर टीव्हीवरच्या हिंदी मालिका ऐकते, त्यामुळे तिची हिंदी पुष्कळ सुधारलीय. दुपारी फोन येतो. ‘नमस्ते दीदी, कैसी हैं आप? वहाँ लू चल रही है क्या?’ फोन एक शब्द चुकत नाही. मी तिला इथली सगळी हकीकत मराठीत सांगते, उन्हाने गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कसं कढत येतं ते, यांच्या पाठीचं, मुलाच्या नव्या घराचं. ती ऐकत असते. पडद्यावर मधूनमधून ‘हाँ’ येतं.

शेवटी, फोन ठेवताना मात्र ती रोज विसरते आणि मराठीत विचारते, ‘ठेवू?’

पडद्यावर येतं, ‘थे वो.’

मी म्हणते, “ठेव.”