गुरं वळली

"उद्या आपल्याला नाशिकला फॉरेस्टचं म्युझियम बघायला जायचंय," असं मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर सांगितलं आणि पटांगणातल्या रांगा एकदम गप्प झाल्या. एरवी सहलीचं नाव काढलं की आमची पोरं शाळा डोक्यावर घ्यायची. सरांना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा मोठ्यांदा सांगितलं. तेव्हा मागच्या रांगेतून एका मुलीने मला विचारलं, "बाई, फॉरेस मेला का?"

सर गोंधळले. ते नाशिक शहरात वाढलेले. मी मात्र पदर तोंडाला लावून हसू दाबत होते. पेठच्या बाजूला, आमच्या डोंगरात, फॉरेस्ट म्हणजे जंगल नव्हे. जंगलाला आम्ही रान म्हणतो. फॉरेस्ट हा माणूस असतो, खाकी कपड्यातला, गळ्यात शिट्टी अडकवलेला. फॉरेस्ट येतो, फॉरेस्ट जातो, फॉरेस्ट कुऱ्हाड घेऊन जातो. आणि म्युझियम म्हणजे जुन्या, संपून गेलेल्या वस्तू काचेत ठेवण्याची जागा, हे मीच नुकतंच वर्गात शिकवलं होतं. पोरांनी दोन्ही जोडून सरळ हिशेब लावला. सरांना मी उलगडून सांगितलं तेव्हा तेही हसले. मग काचेत उभा केलेला फॉरेस्ट बघायला मिळणार म्हणून पोरंही खिदळायला लागली.

एक मुलगी हसली नाही. तिसरीतली, त्याच वर्षी आश्रमशाळेत आलेली, माझ्या माहेरच्या पाड्यापासून दोन टेकड्या पलीकडची. शाळेत घालायला घरचे तिला घेऊन आले तेव्हा मी सवयीने विचारलं होतं, वडील काय करतात? ती म्हणाली होती, "आमची कुऱ्हाड नेली." एवढंच. तिच्या दृष्टीने त्यात सगळं आलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही दृष्टीने आलं होतं. माझी आई डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला जायची. कुऱ्हाड गेलेल्या घरात काय होतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. घाट ओलांडल्यावर हळूच म्हणाली, "बाई, कुऱ्हाडी पन तिथंच ठिवल्या असतील का?"

"बघू," मी म्हणाले. मला वाटलं, लहान पोर आहे, विसरून जाईल.

संग्रहालय शहराच्या टोकाला, कालव्याच्या काठी होतं. दोन हजार सालानंतर नाशिकमध्ये अशा नव्या नव्या गोष्टी निघायला लागल्या होत्या. इथे काचेत फारसं काही नव्हतंच. जिकडेतिकडे बटणं. बटण दाबलं की पक्षी ओरडायचा, दुसरं दाबलं की बिबट्याचे डोळे चमकायचे. एक पोकळ झाड होतं, त्याच्या पोटात शिरता यायचं. भिंतीवर पाटी होती, 'हात लावून पाहा'. आमची पोरं ती पाटी वाचून दोन पावलं मागे सरकली. हात लावा असं कुणी आपणहून सांगितलं की त्यात काहीतरी गोम असणार, एवढी अक्कल त्यांना घरून मिळालेली होती. हळूहळू मात्र भीड चेपली. पाचवीतल्या मुली बिबट्यासमोरून हलेनात. मीही एक-दोन बटणं दाबून घेतली.

शेवटच्या दालनात सिमेंटचा साग होता. जाडजूड बुंधा, वर कापडाची पानं, आणि बुंध्याला लांब सुतळीने बांधलेली एक कुऱ्हाड. पातं लाकडाचं, त्याला चंदेरी रंग दिलेला. आमच्या आधी शहरातल्या एका शाळेची मुलं तिथे होती. एकाने कुऱ्हाड उचलून झाडाला मारली. लगेच लाल दिवा लागला, भोंगा वाजला, आणि पडद्याआडून खाकी कपड्यातला एक तरुण शिट्टी फुंकत उडी मारून बाहेर आला. "कोण तोडतंय झाड? चला चौकीवर!" मुलं आनंदाने किंचाळली. त्याने सगळ्यांना गोळ्या वाटल्या. खरा गार्ड नव्हताच तो, संग्रहालयाने हौसेने उभा केलेला नट होता. पोरांना झाडांचं महत्त्व कळावं म्हणून.

मला हे दिसलं तेव्हा आमची रांग दालनाच्या तोंडाशी असलेल्या पोकळ झाडातून एकेक करत बाहेर पडत होती. दालनाच्या त्या टोकाचं त्यांना काही दिसलं नव्हतं. मी सरांना हाक मारणार, आपल्या पोरांना आधी समजावून सांगू म्हणणार, तेवढ्यात ती मुलगी माझ्या बाजूने पुढे गेली. थेट कुऱ्हाडीकडे. ती झाडाला मारायला गेली नव्हती. दांड्यावरून हात फिरवत होती. बाजारात बायका भांडं पारखून घेतात तशी ती कुऱ्हाड उलटसुलट करून बघत होती. पातं बुंध्याला जरासं टेकलं असेल.

भोंगा वाजला. लाल दिवा. शिट्टी. तो खाकीतला तरुण तिच्यापासून हातभर अंतरावर उभा.

"फॉरेऽऽस!" कोणीतरी ओरडलं.

त्यानंतरचा आवाज मला आठवत नाही, कारण आवाज झालाच नाही. शहरातली मुलं घाबरली की रडतात, आईला हाका मारतात. आमची पोरं नाहीशी होतात. क्षणात दालन रिकामं. काही बाकाखाली, काही पडद्यामागे, पोकळ झाडाच्या पोटात तर मूठभर पोरं एकमेकांवर चढून श्वास रोखून बसलेली. तो तरुण हातात गोळ्या घेऊन, पळणाऱ्या पोरांकडे बघत तसाच उभा होता. शहरातल्या शाळेच्या बाई खो खो हसत होत्या. त्यांच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

एकेकाला हाताला धरून बाहेर काढलं, गोंजारलं, ओळीत उभं केलं. सरांनी मोजलं. पुन्हा मोजलं. ती नव्हती.

दालनाचं मागचं दार उघडं होतं. बाहेर गवत, तारेचं कुंपण, कुंपणाला एके ठिकाणी भगदाड, आणि पलीकडे कालवा. धरणातून शेतीसाठी हिवाळ्याचं आवर्तन सुटलेलं होतं. पाणी काठोकाठ, गढूळ, आणि चांगलंच वेगात. आमच्या डोंगरात पावसाळा सरला की नाले गुडघाभरही राहत नाहीत. त्या मुलीला पोहता येण्याचं काही कारणच नव्हतं.

सरांनी संग्रहालयाचा माइक घेतला आणि तिचं नाव पुकारायला सुरुवात केली. "बाळ, जिथे असशील तिथून ये. कोणी रागावणार नाही." चारी बाजूंच्या कर्ण्यांतून तिचं नाव घुमत होतं. मीही घसा फोडून हाका मारत होते. तो खाकीतला तरुण सगळ्यांच्या पुढे धावत होता, थांबून थांबून शिट्टी फुंकत होता. त्याला वाटत होतं, शिट्टी लांबवर ऐकू जाते. मी त्याच्यावर डाफरले, "अहो, बंद करा ती शिट्टी!" तो रडवेला झाला. "बाई, मी तर नाटक करतो हो. रोज करतो. कधी कुनी पळालं नाय." मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

मग वॉचमनची हाक आली. कालव्याच्या काठावर, एका झाडाखाली, तिच्या स्लीपर सापडल्या होत्या. निळ्या पट्ट्याच्या, आमच्याच शाळेतून मिळालेल्या, शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.

सर पुन्हा माइकवर तिचं नाव घ्यायला लागले. वॉचमन दोर आणायला पळाला. कोणीतरी म्हणालं, पुढच्या पुलाशी माणसं उभी करा, तिथे अडकेल. 'अडकेल' हा शब्द ऐकला आणि मी त्या स्लीपर उचलून घेतल्या. मी पाण्याकडे बघत राहिले. त्या दोन टेकड्यांपलीकडच्या घरी जाऊन काय सांगायचं, हे माझ्या डोक्यात सुरू झालं होतं. कुऱ्हाड नेली, आणि आता पोरही नेली. दोन्ही वेळा सरकारी माणसांनीच.

स्लीपर माझ्या हातात होत्या. घसरून पडलेल्या पोराच्या चपला अशा शेजारी शेजारी राहतील? आणि मग माझं मलाच आठवलं. आम्ही चपला पाण्यासाठी काढत नव्हतो. झाडावर चढताना काढत होतो.

मी पाण्यावरची नजर काढून वर केली. काठाने जुनी झाडं होती, आंबे, जांभळं, आणि स्लीपर सापडल्या तिथला, पाण्यावर झुकलेला भलामोठा उंबर. पानं इतकी दाट की आत काही दिसेना. ती तिथे असेल तर ओ का देत नाही? एवढ्या हाका चालल्या आहेत, माइक चालू आहे, माझा आवाज तर ती ओळखते.

पायाखालची जमीन सरकावी तसं मला ते कळलं. हाकांमुळेच ती ओ देत नव्हती. आई मला रानात नेण्याआधी दरवेळी बजावायची, फॉरेस्ट आला की मोळी टाक आणि वर चढ. नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही, मी मारली तरी नाही. कारण फॉरेस्टला एखादी बाई सापडली की तो तिलाच इतर बायकांना नावाने हाका मारायला लावायचा. सापडलेली बाई बिचारी काय करणार, ती हाका मारायची. म्हणून नावाची हाक म्हणजे पकडलेल्या माणसाची हाक. इतका वेळ आम्ही, मी, सर, कर्णे, सगळे मिळून त्या पोरीला सांगत होतो की खाली येऊ नकोस.

आणि पाणी तिच्या खालून वाहत होतं. फांदी मोडली, हात सुटला, तर सरळ कालव्यात.

मी त्या तरुणाला म्हणाले, "आत जा. दार लावून घ्या. बाहेर दिसू नका." सरांना माइक बंद करायला लावला. वॉचमनही खाकीच होता, त्यालाही पिटाळलं. सर म्हणाले, "बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, "सर, गप्प बसा." मुख्याध्यापकांना मी असं बोलले, याचं त्या वेळी मला काहीच वाटलं नाही.

फॉरेस्ट टेकडीपलीकडे गेला की आमच्या बायकांपैकी एक जण ओरडायची, गुरं वळली. फॉरेस्टने ऐकलं तरी त्याला काय कळणार, कुणाची तरी गुरं घरी चालली असतील. ती हाक सगळ्या रानाला कळायची आणि झाडाझाडांतून बायका खाली उतरायच्या. पण ती माझ्या लहानपणची गोष्ट. तिच्या पाड्यावर ती हाक अजून मारतात का, कधी मारायचे का, मला माहीत नव्हतं. चुकलं तर ती आणखी वर सरकणार होती. पावसाळ्यानंतरच्या उंबराच्या फांद्यांचा भरवसा नसतो.

मी कालव्याकडे पाठ केली, तोंडाभोवती हात धरले आणि आईच्या चालीत हाक दिली. "गुरं वळली गंऽऽ!"

माझी स्वतःची हाक मला परकी वाटली. पाण्याचा आवाज येत राहिला. मी पुन्हा दिली. लांबून शहरातली मुलं बघत होती. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून तिसरी हाक नीट निघालीच नाही.

उंबराची पानं हलली. पाण्यावर आलेल्या फांदीवरून आधी दोन अनवाणी पाय खाली आले, मग फ्रॉक. ती बुंध्यावरून घसरत उतरली, अंगभर ओरखडे. मी तिला छातीशी धरलं आणि काहीतरी टणक मला टोचलं.

तिने फ्रॉकमधून कुऱ्हाड बाहेर काढली. सुतळीचा तुकडा दांड्याला लोंबत होता, दातांनी तोडलेला. त्या गोंधळात झाडाकडे कोणी बघितलंच नव्हतं.

"मोळी न्हवतीच टाकायला," ती धापा टाकत म्हणाली. "पन कुऱ्हाड नाय दिली, बाई. पातं खोटं हाय. दांडा खरा हाय, धावड्याच्या लाकडाचा. बाबा पातं बसवंल." आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली. शाबासकी तिला मिळायलाच हवी होती. तिने सगळं बरोबर केलं होतं, आमच्या आयांनी शिकवलं तसं.

"बाई, ती त्यांची वस्तू आहे," सर मागून म्हणाले. मऊपणानेच म्हणाले.

दार उघडून तो तरुण बाहेर आला होता. पोर सापडली म्हणून त्याचा चेहरा फुलला होता, गोळ्यांची पुडी अजून हातातच होती. मी काय करणार होते? मी तिच्या मुठीचं एकेक बोट सोडवलं, कुऱ्हाड घेतली आणि माझ्या हाताने त्या खाकी माणसाच्या हातात दिली. ती बघत होती. रडली नाही. स्लीपर घातल्या आणि बसमध्ये जाऊन दुसऱ्या टोकाला बसली.

पुढे ती आमच्याकडेच सातवीपर्यंत शिकली. हजेरीला नीट उभी राहायची, गृहपाठ वेळेवर द्यायची, माझ्याशी कधी वावगं वागली नाही. पण पटांगणातून, विहिरीवरून, कुठूनही मी तिला नावाने हाक मारली, तर तिने कधीच ओ दिली नाही.