मंगलची भूक

दवाखान्यात मंगलपाशी बसलेल्या मायसाठी मी परभणीच्या माझ्या घरी डबा भरत होते, तेव्हा भावाचा फोन आला. "अक्का, मंगल गेली," एवढंच तो म्हणाला. धाकटी बहीण गेल्याचं कळल्यावर मनात पहिला विचार काय यावा? ... आता तिला भूक लागणार नाही.

जन्मली तेव्हा मंगलच्या अंगात दूध ओढायचीही ताकद नव्हती. माय कापसाच्या बोळ्यानं पाजायची. चौथ्या वर्षी ती खायला लागली आणि मग थांबलीच नाही. आमच्या पिंगळी गावातले लोक म्हणाले, लेकरानं बाळसं धरलं. कितीतरी दवाखाने फिरल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, प्रेडर-विली. क्वचित कुणाला होणारा, जन्मतःच जनुकांत असलेला दोष. "पोट भरल्याचं तिच्या मेंदूला कळतच नाही," त्या म्हणाल्या. यावर औषध काय? बाई म्हणाल्या, "स्वयंपाकघराला कुलूप लावा."

कुलूप लागलं. मंगल मग म्हशीपुढची पेंड खायची, उकिरड्यावरच्या साली उचलायची. अडवलं की भिंतीवर डोकं आपटायची, मायला चावायची, हाताची कातडी रक्त येईपर्यंत ओरबाडायची... आणि सगळं शांत झालं की मायच्याच मांडीवर डोकं ठेवून विचारायची, "माय, मी लय वाईट हाय का गं?" पुढं साखरेचा आजार जडला. इन्सुलिनची सुई मात्र ती निमूट टोचून घ्यायची, कारण सुईनंतर अर्धी भाकरी मिळते हे तिला पाठ झालं होतं.

गावाला हे कसं पटावं? "पोटची पोर उपाशी मारायलीय," असं म्हणत बायका खिडकीतून लाडू द्यायच्या. माय हात जोडायची, "नका देऊ वो, तिला इख हाय ते."

शेवटी शेजारच्या लग्नात माय पाहुण्यांना पाणी देत असताना कुणीतरी प्रेमानंच मंगलला पंगतीत बसवलं. बुंदी वाढली, पुन्हा वाढली. "खा बाई, पोटभर खा," म्हणत वाढणारे हसत होते, आणि तीही हसत होती म्हणे. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. परभणीला आणेपर्यंत शुद्ध गेली होती. साखर एवढी चढलेली की डॉक्टरांनी आमच्याकडे पाहायचंच टाळलं. ती परत शुद्धीवर आलीच नाही.

तेरवीला नैवेद्याचं ताट मायनंच वाढलं. भात ठेवला, वरण ठेवलं, वर एक पुरणपोळी ठेवली. मग इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचा हात पुढं झाला, आणि तिनं पोळी मोडून अर्धी परत टोपल्यात टाकली. भाऊ हळूच म्हणाला, "माय, आज तरी अख्खी राहू दे की."

मायनं ती अर्धी पोळी उचलली, ताटापर्यंत नेली... पण हात काही खाली येईना.