पार्वताबाईंचं पितळी कुलूप

पार्वताबाईंनी भाडेकरूला 'खोली खाली करा' असं तोंडाने कधीच सांगितलं नाही. त्यांची पद्धत निराळी होती. सासऱ्यांच्या धान्याच्या कोठीचं एक मोठं पितळी कुलूप त्यांच्याकडे होतं. ज्याला घालवायचं त्याच्या दाराच्या कडीला सकाळी ते उघडंच लटकवायचं आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने तुळशीला पाणी घालायला जायचं. येत्या शनिवारी ते कुलूप बंद व्हायचं, म्हणजे त्याआधी माणूस बोचक्यासकट बाहेर. अमरावतीत अशी नोटीस देणारी दुसरी मालकीण नसेल, आणि असली तर मला तिचा पत्ता नको.

मी बरीच वर्षं त्यांच्या पुढच्या खोलीत राहिलो. एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचो आणि स्वभावाने तिरसट होतो, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांचा भाडेकरार म्हणजे तळहातावर ठेवलेला गुळाचा खडा. तो खाल्ला की तुम्ही राहायला आलात. लिखापढी नाही, साक्षीदार नाही. मग पार्वताबाई दार न वाजवता केव्हाही आत यायच्या, भांड्यावरचं झाकण उचलून "हे वरन हाये का पानी?" म्हणायच्या आणि आपल्या घरून भरलेली वाटी आणून ठेवायच्या. एकदा मी नुसता टॉवेल गुंडाळून उभा असताना त्या आल्या, भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ केलं आणि निघून गेल्या.

ते दिवस शेतीचे फार वाईट होते. गावोगावच्या तसल्याच बातम्या रोज माझ्या हाताखालून जायच्या. ज्याला जमेल तो अमरावतीत एक खोली धरायचा आणि पोरांना शिकायला ठेवायचा, म्हणजे निदान त्यांना तरी जमिनीवर विसंबावं लागू नये. रजियाबी तशाच पातूरहून आल्या होत्या. नवरा अब्दुल सत्तार गावी शेत पाहायचा. इकडे मागच्या खोलीत रजियाबी शिवणकाम करायच्या आणि जेबा, त्यांची मुलगी, दहावीला होती. त्या घराण्यात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. मार्चात तिची परीक्षा होती आणि मायलेकींचा सगळा जीव त्या मार्चात अडकलेला होता.

संक्रांत झाली आणि पार्वताबाईंचे भाऊ उत्तमराव तिवशाहून आले. त्यांच्या पोराला क्लास लावायचा होता, खोली हवी होती. भावाला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी कुलूप रजियाबींच्या कडीला लटकलं.

रजियाबींनी जेबाला तिच्या पुस्तकाजवळ बसवलं आणि खोली शोधायला निघाल्या. दोन ठिकाणी मी सोबत गेलो. 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी दारावर असायची आणि नाव सांगितलं रे सांगितलं की ती खोली नुकतीच गेलेली असायची. मला असा संताप आला की एका मालकाची पाटी मी उलटी करून ठेवली. त्याने काय होणार होतं म्हणा!

गुरुवारी पार्वताबाईंच्या मुलीचा, दामिनीचा फोन आला. दामिनी नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात मेलबर्नला राहायची आणि तिला सातवा महिना होता. फोनवर बोलता बोलता पार्वताबाईंचा आवाज अंगणभर झाला.

"तुमची मालकीन घर विकून राह्यली? अन् तुमी कुठं जान? अशा दिवसांत? कोन कैदाशीन हाये ते? दे, तिलेच फोन दे!"

फोन अर्थातच कैदाशिणीला दिला गेला नाही. तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "सहदेवभाऊ, त्या पोट्टीचा करार मागवा. काय लिहून घेतलं तिच्याजवळून, ते पाहाच लागते."

दामिनीने ईमेलने करार पाठवला. मी नेट कॅफेतून त्याची छापील प्रत आणली आणि संध्याकाळी अंगणात वाचायला बसलो. पार्वताबाई बाजेवर, आणि खाली सतरंजीवर रजियाबी. पार्वताबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याची दुपटी त्या शिवत होत्या, दामिनीच्या बाळासाठी. कुलूप लटकलं तरी हातातलं काम पुरं करूनच जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"अनामत मालकिणीकडे राहत नाही," मी मराठी करून सांगू लागलो, "सरकारी कचेरीत जमा होते."

"म्हंजे तिच्यावर सरकारचाई भरवसा नाई. बराबर हाये."

"घरात शिरताना प्रत्येक भिंत, नळ, खिडकी कशी आहे ते लिहून दोघांनी सह्या करायच्या. जुना डाग मग भाडेकरूच्या माथी मारता येत नाही."

"अन् नवा डाग पाडला तं?"

"तो भाडेकरूचा."

"हे पटलं."

"मालकिणीला घरात यायचं असेल तर आदल्या दिवशी लेखी कळवावं लागतं."

बाई सरळ होऊन बसल्या. "सोताच्या घरात?"

"भाड्याने दिलंय तोवर ते भाडेकरूचं घर, काकू."

"अन् मंग मधात दूध उतू गेलं तं?"

"जाऊ द्यायचं."

हे मी पदरचं घालतोय की काय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं पान उलटलं. "आणि घर विकायचं झालं तरी कारण सांगून लेखी साठ दिवस द्यावे लागतात. तिने ते दिलेत. तिचं काही चुकलेलं नाही."

"साठ दिवसांत पोटुशी बाई घर पाहीन का बाळंतीन होईन?" पार्वताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मायी पोट्टी कुठं जाईन वं!"

रजियाबींनी दाताने दोरा तोडला. "साठ दिवस देल्ले?" त्या म्हणाल्या. "मंग चांगली बाई हाये. रडू नका बाई. साठ दिवसांत तं आमच्या जेबाची परीक्षाबी निघून गेली असती."

त्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्या खरोखरच धीर देत होत्या. पण पार्वताबाईंचा पदर डोळ्यांशीच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कागदात तोंड घातलं. शनिवार परवावर आला होता.

मग त्या उठल्या, मागच्या दाराशी गेल्या, कुलूप काढून आणलं आणि कमरेच्या जुडग्यातून त्याच्या दोन्ही किल्ल्या सोडवल्या. सगळं रजियाबींच्या मांडीवर, दुपट्यावर ठेवलं.

"हे आता तुयं. बाहीर जाशीन तं लावत जाय. मायाजवळ एकई किल्ली नाई." आणि एकदम माझ्यावर घसरल्या, "मी त्या कैदाशिनीपेक्षाई वाईट हाये, हे मले कोनी काहून सांगतलं नाई?"

"तुम्ही ऐकून घेता का कुणाचं?" मी म्हणालो. रजियाबी दुपट्यात तोंड लपवून रडत होत्या, आणि मी कराराची पानं उगाचच पुन्हा क्रमाने लावू लागलो.

उत्तमरावांचा पोरगा बाईंच्याच बैठकीत राहिला. उत्तमराव होळीपर्यंत फुगले होते. दामिनीला महिन्याभरात दुसरं घर मिळालं. आणि बाईंनी माझ्याकडून मेलबर्नच्या धर्तीवर करार लिहून घेतला. कारण सांगायचं, साठ दिवस द्यायचे, दार वाजवून यायचं. गुळाचा खडा मात्र कायम ठेवला. दार वाजवण्याचं कलम त्यांना जड गेलं. एका हाताने वाजवायच्या आणि दुसऱ्या हाताने ढकलायच्या.

जेबाच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो. पार्वताबाई दही-साखरेची वाटी घेऊन मागच्या दाराशी गेल्या. त्यांनी दार वाजवलं आणि हात मागे घेतला. वाटी सांभाळत उभ्या राहिल्या. आत जेबा मोठमोठ्याने काहीतरी पाठ म्हणत होती, तिला ऐकूच गेलं नाही. बाईंनी पुन्हा वाजवलं आणि पुन्हा थांबल्या.

जेबाने दार उघडलं. "आजी, बाहीर काहून उभ्या? या ना. तुमचंच घर हाये."

"नाई वं," पार्वताबाई म्हणाल्या, "तुयं हाये. येऊ का?"

आणि ती "या" म्हणेपर्यंत त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.